ब्लॉकवरचा नंबर

बेव्हनने चेन आणखी दोन कड्या सैल केली आणि छताच्या तुळईला टांगलेलं इंजिन वीतभर खाली आलं. जुन्या बेडफर्ड ट्रकचं तोंड उघडं पडलं होतं. बोनेट, रेडिएटर, दिवे, सगळं काढून पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, आणि चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये, जिथे साठेक वर्षं पेट्रोलचं इंजिन बसलेलं होतं, तिथे आता नुसती पोकळी होती. इंजिन हेलकावा खाऊ लागलं तसा ते धरायला अल्विनने हात पुढे केला. बोटं इंजिनाच्या ब्लॉकच्या डाव्या अंगाला, डिझेलच्या पंपामागे टेकणार, तेवढ्यात बेव्हनने त्याचं मनगट धरलं.

“तिथे नको. रंग ओला आहे.”

अल्विनने हात मागे घेतला. रंग परवा दिलेला होता. कुरिंडा गावच्या कोरड्या हवेत धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते. दोन दिवस ओला राहणारा रंग त्याने एकोणसत्तर वर्षांत पाहिलेला नव्हता.

“मग कुठे धरू?”

“पुढून धर. पुलीला.”

त्याने पुलीला धरलं. बेव्हन ट्रेलोर चेसिसखाली सरपटत गेला आणि तिथून एकेक शब्द फेकू लागला. खाली. अजून. थांब. डावीकडे घे, लेका, तुझं डावं नाही, माझं. चार सिलिंडरचं ते जपानी डिझेल इंजिन बेव्हनने स्वतः कापून वेल्डिंग केलेल्या माउंटिंगवर अलगद बसलं. मागच्या बाजूला गिअरबॉक्सशी त्याचा मेळ बसवायला बेव्हनने तीन आठवडे घालवले होते, पुठ्ठ्याचे नमुने कापून, पुन्हा पुन्हा लावून पाहून. बोल्ट एका दमात आत गेले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, खूप दिवसांनी, समाधान म्हणता येईल असं काहीतरी होतं.

“चांगलं मिळालं इंजिन,” अल्विन म्हणाला. “कुठून आणलंस म्हणालास?”

“एका ओळखीच्याकडून.”

“मागे म्हणालास, भंगारातून.”

बेव्हनने चिंधीला हात पुसले. एकेक बोट, सावकाश.

“ओळखीच्याच्या भंगारातून,” तो म्हणाला आणि इंजिनावर ताडपत्री ओढून त्याने तिची कड खाली नीट खोचली.

जाताना तो रोज असंच करायचा. शेड अल्विनची, ट्रक अल्विनच्या वडिलांचा, आणि ताडपत्री मात्र बेव्हनची.

ट्रक मिरीसारखी फळं धरणाऱ्या पेपरच्या झाडांखाली तीस वर्षं पडून होता. अल्विनच्या वडिलांनी, म्हाताऱ्या नोस्केंनी, त्यातून गव्हाची पोती रेल्वेपर्यंत वाहिली होती. पोती गेली, धान्य साठवायचे उंच सायलो आले, ट्रकच्या टपावर गुलाबी काकाकुवे बसू लागले. गेल्या वर्षी शेतीचा कारभार मुलीच्या आणि जावयाच्या हाती दिल्यावर अल्विनने मनावर घेतलं, की ऑगस्टमध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जुन्या ट्रकांचा मेळावा भरतो, तिथे वडिलांचा ट्रक स्वतः चालवत न्यायचा. दीड हजार किलोमीटर. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला होता, आणि धड असतं तरी त्याने वाटेतल्या पोर्ट ऑगस्टाच्या पुढे मान टाकली असती. डिझेल घालण्यावाचून इलाज नव्हता.

ही गोष्ट गावभर झाली, आणि एप्रिलमध्ये एका दुपारी बेव्हन फाटकाशी येऊन उभा राहिला.

“ऐकलं, अ‍ॅलिसला जायचं म्हणतोस,” तो म्हणाला. “इंजिन माझ्याकडे आहे. बसवूनही देतो.”

“काय घेशील?”

“काही नको.”

रस्त्यापलीकडचंच घर. पण त्याआधीच्या नऊ वर्षांत दोघांमध्ये मान हलवण्यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. बेव्हनचा एकुलता एक मुलगा जॅरड ट्रक उलटून वारला, त्यानंतर बेव्हनने गावचं स्वयंसेवी आगपथक सोडलं, चर्चमध्ये येणं सोडलं. सरकारी रस्त्यांवरच्या यंत्रांची दुरुस्ती करायचा ती नोकरी काही वर्षांनी सुटली. बायको ॲडलेडला बहिणीकडे गेली ती तिथेच राहिली. असा माणूस आपणहून फाटकाशी येतो आणि फुकट इंजिन देतो म्हणतो, तेव्हा अल्विनला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याचा हात फाटकाच्या कडीवर गेला आणि काही क्षण तिथेच राहिला, उघडायची की धरून ठेवायची हे न ठरल्यासारखा.

त्यातून फेब्रुवारीची गोष्ट होती. अल्विन गेली बावीस वर्षं गावच्या आगपथकाचा कप्तान होता. पथकाच्या हॉलमागे मोठ्या टाकीवर पाणी उपसायचा पंप बसवलेला होता. ऐन उन्हाळ्यात, आगीच्या दिवसांत, कुणीतरी त्याचं इंजिन बोल्ट खोलून नेलं. तोडफोड केलेली नव्हती. नळ्या कापलेल्या नव्हत्या, सोडवलेल्या होत्या. मोकळे बोल्ट टाकीच्या काठावर ओळीने मांडलेले होते. नेणारा काम जाणणारा होता. आणि ते इंजिन याच जातीचं होतं, चार सिलिंडरचं जपानी डिझेल.

गावात काम जाणणारी माणसं अशी किती?

“विचार ना त्याला सरळ,” इल्मा म्हणाली. अल्विनची बायको कुठलीही गोष्ट दोन वाक्यांपेक्षा जास्त लांबवत नसे. ती टेबलावर केक कापत होती.

“विचारलं. दोन वेळा दोन उत्तरं दिली.”

“मग तिसऱ्यांदा विचार.”

“आणि चोरीचं निघालं तर? माझ्या ट्रकमध्ये पथकाचं इंजिन. कप्तानाच्या ट्रकमध्ये. अ‍ॅलिसपर्यंत मिरवत नेऊ?”

इल्माने एक तुकडा त्याच्यापुढे सरकवला आणि एक कागदात गुंडाळला.

“हा त्याच्यासाठी. काल त्याने डबा आणला नव्हता.”

“तुला त्याचा संशय येत नाही?”

“मला तुझा येतो,” ती म्हणाली. “तो आल्यापासून तू झोपेत दात खातोस.”

मे महिना असाच गेला. काम पुढे जात होतं, आणि तेही असं की दोष काढायला जागा नव्हती. नवं इंजिन जड म्हणून बेव्हनने पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवला. डिझेलला ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, तो बसवला. टाकीपासून दोन नळ्या टाकल्या, एक जायची आणि एक उरलेलं डिझेल परत यायची. केबिनमध्ये दोन सीटांच्या मधोमध इंजिनाचं झाकण येतं. नव्या इंजिनासाठी ते चार बोटं उंच करावं लागलं. बेव्हनने पत्रा ठोकून नवं झाकण बनवलं आणि आतून नमदा लावला. अल्विन पाने देत होता, दिवा धरत होता आणि पाहत होता. बेव्हन वाकला की पाहायचा, की त्याची नजर कुठे जाते. बेव्हन शिटी वाजवायचा थांबला की का थांबला याचा विचार करायचा. ब्लॉकच्या डाव्या अंगाला जिथे कंपनीची माहितीपट्टी असते तिथे रिव्हेटची दोन रिकामी भोकं होती. पट्टी काढलेली होती. आणि त्याखाली जिथे नंबर ठोकलेला असतो तिथे रंगाचा थर इतका जाड होता की एकदा नव्हे, तीन-चारदा हात फिरवलेला दिसत होता.

एकदा त्याने सहज म्हणून विषय काढला.

“पासिंगला इंजिनाचा नंबर लागेल.”

“ते मी बघतो,” बेव्हन म्हणाला.

“कागद आहेत?”

“म्हटलं ना, बघतो. तू तो अठराचा पाना दे. तो नव्हे, म्हाताऱ्या, अठराचा. डोळे गेले का?”

जूनच्या पहिल्या रविवारी इल्मा एकटीच चर्चला गेली. पाठीत उसण भरल्याचं अल्विनने तिला सांगितलं होतं. तिची गाडी वळणापलीकडे गेल्यावर तो शेडमध्ये आला, दार आतून ओढून घेतलं आणि ताडपत्री कशी खोचली आहे ते आधी नीट पाहून ठेवलं. मग ती वर केली.

पुट्टी लावायच्या पात्याने रंग खरवडायला त्याला पंधरा मिनिटं लागली. हिरवा रंग, त्याखाली राखाडी, त्याखाली पुन्हा हिरवा. कण कॉलरवर पडत होते. बाहेर सायलोकडच्या पाखरांचा कलकलाट चालू होता, आणि तो मध्येच थांबला की अल्विनचाही हात थांबत होता. आपल्याच शेडमध्ये आपणच चोरासारखे उभे आहोत हे त्याला जाणवलं, आणि त्याचाही राग त्याला बेव्हनवरच आला.

नंबर निघाला. सहा आकडे, स्वच्छ. घासलेले नव्हते, मिटवलेले नव्हते. त्याने ते टपालाच्या एका पाकिटाच्या पाठीवर उतरवून घेतले, उघड्या धातूवर डबीतला रंग लावला आणि ताडपत्री होती तशी खोचली.

मग तो पथकाच्या हॉलमध्ये गेला आणि सामानाची नोंदवही काढली. पंप, डिझेल, चार सिलिंडर, अमुक साली घेतला. नंबराच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: नंतर.

त्याने वही मिटून जागेवर ठेवली. सोमवारी सकाळी पोलीस चौकीत जाऊन त्याने पाकीट टेगनसमोर ठेवलं. ही तरुण कॉन्स्टेबल दोन वर्षांपूर्वी शहरातून बदलून आली होती. फुटबॉलच्या मोसमात गावच्या संघातून खेळायची तेव्हा ती गावाला आपली वाटायची, एरवी पोलीस.

“पंप विकणाऱ्याकडे जुना नंबर असेल,” तो म्हणाला. “जुळतो का बघ.”

“हा कुठे मिळाला तुम्हाला?”

“माझ्या शेडमध्ये. बेव्हन ट्रेलोरने आणलंय ते इंजिन.” दाराकडे वळता वळता तो म्हणाला, “माझं नाव मध्ये यायला नको.”

टेगनने नंबर लिहून घेतला. तिने मान वर केली तेव्हा अल्विन दारापर्यंत पोहोचलेला होता.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस त्याला लांबच लांब गेले. बेव्हन रोज दुपारी एकला यायचा, पाचला जायचा. खरवडल्याची खूण त्याला दिसली असेल का, हे कळायला मार्ग नव्हता. ताडपत्री तो आता खोचत नव्हता, नुसती टाकायचा. हे कशामुळे? एकदा अल्विन मागे वळला तर बेव्हन हातात पाना घेऊन त्याच्याकडेच पाहत होता.

“काय?”

“काही नाही. तुझे वडील असेच उभे राहायचे. एक हात कमरेवर.”

अल्विनने कमरेवरचा हात काढला.

टेगन आली तेव्हा दोघे डिझेलच्या लाइनमधली हवा काढत होते. अल्विन हातपंप मारत होता आणि बेव्हन नटाशी वाकून फेस येतो की निखळ डिझेल येतं ते पाहत होता. तिने पिकअप बाहेर उभी केली आणि टोपी हातात घेऊन आत आली.

“छान दिसतोय ट्रक,” ती म्हणाली. “बेव्हन, एक विचारायचं होतं. या इंजिनाबद्दल.”

बेव्हनने नट आवळला. मगच उभा राहिला.

“विचार.”

“पथकाच्या पंपाचा तपास चालूच आहे, तर त्या जातीची सगळीच इंजिनं आम्ही तपासतोय. हे त्या पंपाचं नाही. ते आधीच सांगते.” तिने खिशातून वही काढली. “पण हा नंबर एका बाद झालेल्या गाडीच्या नावावर निघाला. नऊ वर्षांपूर्वी अपघातात बाद झालेला छोटा ट्रक. मालक जॅरड ट्रेलोर. म्हणजे तुमच्याच आडनावाचा, म्हणून वाटलं तुम्हालाच विचारावं. नात्यातला कोणी का?”

अल्विनचा हात पंपाच्या खटक्यावर होता तिथेच राहिला. नळीतून डिझेलचा एक थेंब निघून चेसिसवर पडला, मग दुसरा.

“मुलगा,” बेव्हन म्हणाला.

टेगनने वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिच्या मानेवर लाली चढत गेली.

“मला माहीत नव्हतं.”

“तुला कसं माहीत असणार? तू तेव्हा शाळेत असशील.” त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. “गाडीचा सांगाडा माझ्याच शेडमध्ये आहे. माहितीपट्टी गाडी उलटली तेव्हा तुटून गेली. कागद घरी आहेत, आणून देतो. पासिंगसाठी काढूनच ठेवलेत.”

“घाई नाही,” ती म्हणाली. “नाही आणले तरी चालेल.”

ती गेली. पिकअपची धूळ बराच वेळ फाटकावर तरंगत राहिली. बेव्हन इंजिनाच्या डाव्या अंगाला गेला, खाली वाकला आणि पंपामागच्या त्या जागेवरून अंगठा फिरवला. तिथला हिरवा रंग भोवतालच्या रंगापेक्षा जरासा उजळ होता. त्याने वर पाहिलं नाही. पाने एकेक करून पेटीत ठेवले, प्रत्येक आपापल्या खाचेत, पेटीचं झाकण लावलं आणि ती उचलून तो रस्ता ओलांडून घरी गेला.

अल्विन इंजिनाजवळ उभा राहिला.

नऊ वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या त्या आगीच्या दिवशी, पथकाचं काम त्याच्या हुकमावर चालू होतं. पश्चिमेकडून वारा सुटला होता, कापलेल्या गव्हाची खुंटं पेटत पेटत गावाकडे येत होती, आणि तो टेकाडावर गाडी लावून रेडिओवरून माणसं हलवत होता. जॅरड सव्वीस वर्षांचा होता. आपल्या ट्रकवर पाण्याची टाकी चढवून तो पहाटेपासून फेऱ्या मारत होता. दुपारी चारच्या सुमारास, खडीच्या रस्त्यावरच्या वळणावर, अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी एका अंगाला गेलं आणि ट्रक उलटला. चौकशीत अल्विनने साक्ष दिली की मुलगा दमलेला दिसत नव्हता आणि शेवटच्या फेरीला तो आपल्या मर्जीने गेला. साक्ष टाइप होऊन आली. अल्विनने खाली सही केली. बेव्हन मागच्या बाकावर बसलेला होता.

रात्रीच्या जेवणाला इल्माने डुकराच्या मांसाचा रोस्ट केला होता. त्याने काट्याने तो इकडून तिकडे सरकवला.

“टेगन आली होती म्हणे,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि?”

त्याने सांगितलं. पाकिटाचं, खरवडल्याचं, उसण नव्हती हे, सगळं. ती ऐकून उठली. तिने त्याची थाळी उचलली आणि उरलेलं झाकून ठेवलं.

“जाऊन ये त्याच्याकडे,” ती म्हणाली. “आणि हातात काही घेऊन जाऊ नकोस. काही घेऊन गेलास की तेवढ्यावर भागवशील.”

तो तिसऱ्या दिवशी गेला. बेव्हन त्याच्या शेडमध्ये होता, बाकावर इंजेक्टरची नोझलं मांडून बसलेला. मागे कोपऱ्यात जॅरडचा ट्रक होता. टप चेपलेला, काचा नसलेला, आणि पुढचा भाग रिकामा. भोवतालची जमीन झाडलेली होती. सांगाड्यावर धुळीचा कण नव्हता.

“मीच दिला तो नंबर,” अल्विन म्हणाला.

“मग कोण देणार? टेगनला खालून वाकून बघायचं ठाऊक आहे होय?”

“सांगितलं असतंस तर—”

“तर बसवलं असतंस?”

अल्विनने कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे पाहिलं. बेव्हनने एक नोझल उजेडाकडे धरलं आणि भोकातून पलीकडे पाहिलं.

“दोन वर्षं लागली मला ते खोलायला,” तो म्हणाला. “म्हणजे काम दोन दिवसांचं. हात लावायलाच दोन वर्षं. मग सगळं नवं घातलं त्यात. रिंगा, बेअरिंगं. ब्लॉकला काही झालेलं नव्हतं बघ. एक ओरखडा नाही.” त्याने नोझल खाली ठेवलं. “नुसतं पडून राहिलं तर गंजेल. चालायला पाहिजे.”

“पण मला का?” अल्विनने विचारलं. “दुसऱ्या कुणालाही देता आलं असतं.”

“तुला हवं होतं ना इंजिन?”

एवढंच. पुढच्या सोमवारी दुपारी एकला बेव्हन पेटी घेऊन पुन्हा शेडमध्ये हजर झाला. ताडपत्री त्याने घडी करून कोपऱ्यात टाकली.

आता अल्विनला चोरीची शंका राहिली नव्हती. तिच्या जागी दुसरी आली होती आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. पथकाचं इंजिन पुढेही कधी सापडलं नाही, पण त्याला त्याची आठवणही क्वचित येई. तो आता बेव्हनचे हात पाहत नव्हता, चेहरा पाहत होता. हा माणूस आपल्याला काय देतो आहे? दीड हजार किलोमीटर, दोन सीटांच्या मध्ये, मांडीला लागून, हेच इंजिन धडधडत राहणार. हे त्याने ठरवून केलं का? माफ केलं म्हणून दिलं, की ऐकत बसावं लागेल म्हणून दिलं? बेव्हन चहा ओतायचा, साखर विचारायचा, इल्माच्या केकला नावं ठेवत दोन तुकडे खायचा. त्याच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. किंवा वाचण्यासारखं काही नव्हतंच.

जुलैच्या मध्यावर, एका स्वच्छ थंड सकाळी, त्यांनी इंजिन चालू केलं. दोनदा सेल्फ मारला तेव्हा नुसता पांढरा धूर आला. तिसऱ्यांदा ते पेटलं, एका सिलिंडरवर अडखळलं, सावरलं आणि एका लयीत चालू लागलं. शेडचे पत्रे थरथरले. इल्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि ॲप्रनला हात पुसत तशीच उभी राहिली. बेव्हनने कान वाकडा करून बराच वेळ ऐकलं. मग तो वळसा घालून डावीकडे गेला आणि केबिनमध्ये चढला.

“चल,” तो म्हणाला. “चालवून बघू.”

“तू चालव,” अल्विन म्हणाला. “तुझा हक्क आहे.”

“ट्रक तुझ्या बापाचा आहे. चढ.”

ते फाटकातून बाहेर पडले आणि खडीच्या रस्त्याला लागले. ट्रक उत्तम चालत होता. स्टेअरिंग जड होतं, ब्रेक जागच्या जागी लागत होते, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओढत नव्हतं, वाहत होतं. दोन्ही बाजूंना गहू वीतभर उगवलेला होता. मधल्या झाकणाची ऊब अल्विनच्या डाव्या मांडीला लागू लागली. बेव्हनने आपला उजवा तळहात झाकणावर ठेवला होता. टेकवला होता नुसता, धरायला काही हवं म्हणून ठेवावा तसा.

दोन किलोमीटर मागे पडले. पुढे मॅली या बुटक्या निलगिरीच्या झुडपांपाशी लांबट चढ लागतो. चढाच्या अलीकडे बेव्हनने विचारलं.

“त्या दिवशी रेडिओवर तू त्याला काय म्हणालास?”

तो समोर रस्त्याकडे पाहत होता. आवाज पाना मागितल्यासारखा साधा होता.

अल्विनच्या तोंडात शब्द तयार होते. नऊ वर्षांपूर्वी टाइप झालेले, सही केलेले. ते एकदा चालले होते, आताही चालले असते. कुंपणाचे खांब एकेक करून मागे जात होते. त्याने स्टेअरिंगवरचे हात सारखे केले.

“दमलोय म्हणाला,” तो म्हणाला. “डोळे मिटतायत, घरी जातो म्हणाला. मी म्हटलं, अजून एक फेरी मार. मग जा.”

इंजिनाचा आवाज केबिनभर होता. बेव्हनचा हात झाकणावर होता तिथेच होता.

“हं,” तो म्हणाला. मग समोरच पाहत, “पथकाच्या चॅनेलवर गर्दी होती, म्हणून तुम्ही दोघे आमच्या घरच्या चॅनेलवर आला होतात. मी स्वयंपाकघरात होतो. रेडिओ चालू होता.”

चौकशीत मागच्या बाकावर बसलेला बेव्हन अल्विनला आठवला. टोपी गुडघ्यावर ठेवून साक्ष ऐकत असलेला. पाय ॲक्सिलरेटरवर आहे याचं त्याला भान राहिलं नाही. चढ सुरू झाला होता. ट्रकचा वेग पडत गेला, इंजिन खोल आवाजात कण्हू लागलं, आरसे थरथरू लागले.

“खालचा गिअर टाक,” बेव्हन म्हणाला. “चढावर उगाच ताणू नकोस त्याला.”

अल्विनने क्लच दाबला.